ब्रिटनवर ‘हरिकेन’ येतं तेव्हा नेमकं काय येतं?

ऑगस्ट सरत आला की ‘हरिकेन ब्रिटनवर धडकणार’ छापाच्या मथळ्यांना ऊत येतो. बातमी पूर्ण खोटी नसते. अटलांटिकवर कुठेतरी खरोखरचं हरिकेन असतं. पण किनारा गाठेपर्यंत ते हरिकेन उरत नाही, आणि एवढं मथळ्यात मावत नाही.

हरिकेन ठरायला दोन अटी लागतात. पहिली रचनेची: साधारण २६.५ अंश किंवा त्याहून उबदार समुद्रावर पोसलेलं, उबदार गाभ्याचं वादळ. दुसरी वेगाची: एका मिनिटाचा सरासरी वारा ६४ नॉट, म्हणजे ताशी ११९ किमी. ब्रिटनभोवतीचं पाणी इतकं तापत नाही. उत्तरेकडे सरकणाऱ्या वादळात थंड, कोरडी हवा घुसते, वरचे वेगवान वारे त्याचा माथा एका बाजूला ढकलतात आणि ते समुद्राच्या उष्णतेऐवजी थंड-उबदार हवेच्या तफावतीवर जगू लागतं. या रूपांतरात मधला सर्वांत जोराचा वारा सहसा उतरतो, पण वाऱ्याचा घेर पसरतो.

घोळाचं एक मूळ १८०५ मध्ये आहे. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांच्या वाऱ्याच्या मापनश्रेणीत सर्वांत वरची, बारावी पायरी ‘हरिकेन’ ठरली. ही पायरी वाऱ्याचा फक्त जोर सांगते, वादळाची जात नाही. त्यामुळे हिवाळ्यातल्या साध्या समशीतोष्ण वादळासाठीही जहाजांच्या अंदाजात आजही ‘हरिकेन फोर्स १२’ म्हणतात. खलाशाला त्याचा अर्थ कळतो. मथळ्यात मात्र त्यातला ‘फोर्स’ गळतो.

मग १९८७. १५ ऑक्टोबरला बीबीसीवर हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या मायकेल फिश यांनी सांगितलं की हरिकेन येतंय असं ऐकल्याचं एका बाईंनी फोनवर कळवलंय, पण तसं काही नाही. व्याख्येनुसार ते बरोबरच होते: त्या रात्री बिस्केच्या उपसागराकडून आलेला तो मध्य अक्षांशांतला खोल कमी दाब होता. पण इंग्लंडमध्ये १८ माणसं गेली, सुमारे दीड कोटी झाडं कोसळली, दक्षिण किनाऱ्यावरच्या शोरहॅमला १०० नॉटांच्या आसपासचे वाऱ्याचे क्षणिक झोत नोंदले गेले. ‘हरिकेन नाही’ हे ‘काळजी नको’ असं ऐकलं गेलं, खरी चूक तिथे. तेव्हापासून ओरड करून चुकणं हे गप्प राहून चुकण्यापेक्षा स्वस्त झालं, असं आमचं मत.

दुसरी गफलत आकड्यांची. ऑक्टोबर २०१७ मध्ये ऑफिलिया हे वादळ अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ श्रेणी ३ चं (हरिकेनच्या जोराच्या पाच श्रेणींपैकी तिसरी) हरिकेन होतं. १६ तारखेला आयर्लंडला पोचलं तेव्हा रूपांतर झालेलं होतं. बातम्यांत ताशी १९१ किमी हा आकडा गाजला. तो फास्टनेट रॉकचा, म्हणजे भर समुद्रातल्या खडकावर उंच बसवलेल्या यंत्राचा, आणि तोही क्षणिक झोताचा. ११९ च्या मर्यादेशी त्याची तुलनाच होत नाही, कारण ती मर्यादा एका मिनिटाच्या सरासरीची आहे. जमिनीवर झोत सरासरीच्या दीडपट सहज जातो.

मात्र ‘समशीतोष्ण भागात हरिकेन येतच नाही’ हेही चूक. २९ सप्टेंबर २००३ ला हुआन कॅनडातल्या हॅलिफॅक्सजवळ श्रेणी २ चं हरिकेन म्हणूनच किनाऱ्याला लागलं: पाणी नेहमीपेक्षा उबदार होतं आणि वादळ इतक्या वेगानं सरकलं की थंड पाण्यावर विरायला त्याला वेळच मिळाला नाही. उलट १९५४ मध्ये हेझल टोरंटोला पोचलं ते रूप बदलून, तरी पुरानं कॅनडात ८१ बळी घेतले. २०१२ मध्ये सँडी किनाऱ्याला लागण्याच्या जरा आधी हरिकेन राहिलं नाही आणि इशारा कोणत्या नावानं द्यायचा यावरून गोंधळ झाला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रानं नियम बदलला, आणि रूपांतर झालेल्या वादळासाठीही हरिकेनचे इशारे चालू ठेवता येऊ लागले.

मथळा तपासताना आधी दिवस मोजावेत. अमेरिकेचं जीएफएस हे हवामान अंदाजाचं संगणकीय मॉडेल सोळा दिवसांपर्यंतचे नकाशे काढतं आणि दिवसातून चार वेळा ते नव्याने चालतं. त्यातला एखादाच भडक नकाशा उचलला की बातमी तयार. सहा तासांनी आलेल्या नकाशात ते वादळ ग्रीनलंडकडे वळलेलं असू शकतं. हरिकेन केंद्राचा मार्गाचा अंदाज पाच दिवसांचाच असतो, आणि नकाशावरचा शंकू वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, नुकसानीचा पट्टा नव्हे. केंद्र साधारण तीनांतून एकदा त्या शंकूबाहेरही जातं.

नावामुळेही फसगत होते. ब्रिटन आणि आयर्लंड २०१५ पासून आपल्या वादळांना नावं देतात, पण अटलांटिकपलीकडून आलेलं वादळ जुनंच नाव घेऊन येतं. त्यामुळे ऑफिलिया शेवटपर्यंत ऑफिलियाच राहिली. आयर्लंडच्या हवामान खात्यानं तिला हरिकेन न म्हणताच सबंध देशाला लाल इशारा दिला, आणि १६ व १७ ऑक्टोबरला शाळा बंद राहिल्या.