नोटरी केली म्हणजे फ्लॅट नावावर झाला?

घणसोली, कोपरखैरणे, दिवा भागात घर बघायला गेलं की हे हमखास कानावर येतं, फॉरवर्डमधूनही फिरतं: 'स्थावर म्हणजे फक्त जमीन. फ्लॅट स्थावर नाही, तेव्हा स्टॅम्पपेपरवर नोटरी पुरे.'

हा समज का होतो ते कळतं. जमीन तर आपल्या नावावर नसते, मग चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या स्थावर कशा? पण 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमधली (कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा) स्थावराची व्याख्या जमिनीपाशी थांबत नाही. जमिनीपासून मिळणारे लाभ आणि जमिनीला पक्कं जोडलेलं जे काही, तेही तिच्यात येतं. इमारत पायाने जमिनीत रोवलेली, म्हणून फ्लॅट स्थावरच. आतला फ्रिज जंगम, म्हणजे हलवता येणारा. झाडांची तर गंमतच आहे: फळांसाठी राखलेला आंबा स्थावर, पण लाकडासाठी तोडायला काढलेला साग जंगम!

स्थावर ठरलं की 1908 चा नोंदणी कायदा आला. 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराचा विक्री-दस्त नोंदवावाच लागतो. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवतो. त्याच्या लाल शिक्क्याने मालकी बदलत नाही. घरपट्टी किंवा वीजबिल नावावर असल्यानेही नाही.

पडताळायचं असेल तर विकणाऱ्याकडे सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) मागा. त्यावरचा दस्त क्रमांक आणि वर्ष घेऊन नोंदणी विभागाच्या ऑनलाइन ई-सर्चवर किंवा दस्त नोंदवतात त्या दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्या. 'तसं काही लागत नाही हो' असं उत्तर आलं, तर टोकन देण्याआधी कागद वकिलाला दाखवा.