कपडे उतरवायचे की मशीनमध्ये उभं राहायचं? न्यूझीलंडच्या बालगृहांतल्या झडतीची पार्श्वभूमी

न्यूझीलंडमध्ये सरकारी ताब्यातल्या पोरांची झडती कपडे उतरवून घेण्याऐवजी बॉडी स्कॅनरने, म्हणजे कपड्यांखाली लपवलेलं दाखवणाऱ्या मशीनने घ्यायची, हा विषय वरवर पाहिला तर निव्वळ सिक्युरिटीचा वाटतो, म्हणजे आत व्हेप (ई-सिगारेट) येतात, लायटर येतात, गांजा येतो, ते पकडायचं कसं वगैरे. पण मला विचाराल तर यात सिक्युरिटीपेक्षा तिथल्या सरकारवर असलेला जुना डाग जास्त आहे, आणि तो धरल्याशिवाय हे प्रकरण कळतच नाही.

१९५०-६० च्या सुमारास तिथल्या सरकारने ‘बिघडलेल्या’ किंवा निराधार मुलांसाठी होम्स चालवायचा सपाटा लावला. लोअर हटचं एपुनी बॉइज होम १९५९ चं, ऑकलंडला ओवाइराका, मुलींचं बोलार्ड. आपल्याकडच्या रिमांड होमसारखंच, पाटी कल्याणाची आणि दाराला कुलूप. आत आलं की कपडे उतरवायचे, कर्मचाऱ्यांसमोर अंघोळ, उवांचं औषध, आणि मग बऱ्याच ठिकाणी सिक्युअर म्हणजे कोठडीसारख्या खोलीत एकटं. मुलींची तर गुप्तरोगाची तपासणी जबरदस्तीने व्हायची, ती मुलगी तिथे कशासाठी आलीये याचा काही संबंध नाही. यात माओरी म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची पोरं लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त.

हे पहिल्यांदा नीट चव्हाट्यावर आणलं ते १९७८ मध्ये, ऑकलंडच्या अकॉर्ड या वंशभेदविरोधी गटाने. त्यांनी न्गा तामातोआ या माओरी तरुणांच्या संघटनेला सोबत घेऊन स्वतःच जाहीर चौकशी भरवली, सरकारी लोक मात्र आरोप झटकत राहिले. मग १९८२ मध्ये ह्यूमन राइट्स कमिशनचा अहवाल आला आणि सारवासारव करणं अवघड झालं. १९८९ चा नवा बालकायदा आला, त्यातल्या कुटुंबाला सोबत बसवून निर्णय घ्यायच्या पद्धतीचं जगभर कौतुक झालं, ते रास्तच आहे. पण कपडे उतरवून झडती काही गेली नाही, कायद्यात ती अटी घालून राहिलीच, वाजवी संशय हवा वगैरे. आता संशय वाजवी आहे की नाही हे ठरवणार कोण, तर रात्रपाळीचा कर्मचारी!

इकडे मशीनची गोष्ट अगदी वेगळ्या वाटेने आली. माणसाचं अख्खं शरीर एक्स-रेने तपासायची हौस आधी हिऱ्यांच्या खाणवाल्यांना, दक्षिण आफ्रिकेत डी बिअर्सने कामगार हिरे चोरून नेतात म्हणून असं मशीन बनवलं, पुढे त्याच तंत्रावरचं मशीन केप टाऊनच्या ग्रूट स्कूर हॉस्पिटलात अपघाताच्या पेशंटसाठी वापरात आलं. विमानतळावर त्याची लाट आली ती २५ डिसेंबर २००९ नंतर, डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने अंडरवेअरमध्ये स्फोटक लपवून नेलं होतं ना, तेव्हापासून.

आणि गंमत बघा, त्याच वर्षी मँचेस्टर विमानतळावर स्कॅनरची ट्रायल चालू होती त्यात १८ वर्षांखालच्यांना वगळलं होतं, कारण चित्रात उघडं शरीर दिसायचं आणि मुलांचं असं चित्र काढणं हाच ब्रिटनमध्ये गुन्हा ठरू शकत होता. म्हणजे जे मशीन आज मुलांची लाज राखायला आणायचं म्हणतात ते तेव्हा मुलांसाठीच बेकायदा ठरायची भीती होती. ‘आम्ही चित्रं साठवत नाही’ या आश्वासनाचंही २०१० मध्ये हसं झालं, अमेरिकेत ऑर्लँडोच्या एका कोर्टातल्या मशीनमध्ये तब्बल ३५,००० चित्रं साठलेली निघाली.

गाडी रुळावर आली ती सॉफ्टवेअरमुळे. आता पडद्यावर कोणाचंच शरीर दिसत नाही, सगळ्यांसाठी एकच बाहुलीसारखी आकृती, आणि जिथे काही असेल तिथे पिवळा चौकोन. अमेरिकेत ज्या एक्स-रे मशीनना हे जमेना ती २०१३ मध्ये विमानतळांवरून काढून टाकली. हा बदल झाला नसता तर मुलांच्या संस्थेत असलं काही ठेवायचा विचारही कोणी केला नसता असं मला वाटतं.

न्यूझीलंडने मोठ्यांच्या तुरुंगांसाठी असल्या मशीनची वाट २०१९ मध्ये कायद्यानेच मोकळी केली. मुलांचं मात्र रॉयल कमिशनपर्यंत, म्हणजे देखभालीतल्या अत्याचारांच्या सरकारी चौकशी आयोगापर्यंत थांबलं. ते २०१८ मध्ये नेमलं, अंतिम अहवाल २४ जुलै २०२४ ला संसदेत आला, १९५० ते २०१९ मध्ये सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखभालीत असलेल्या साधारण ६,५५,००० जणांपैकी २,००,००० पर्यंत लोकांवर अत्याचार झाले असतील असा त्यांचा अंदाज. १२ नोव्हेंबर २०२४ ला पंतप्रधान लक्सन यांनी संसदेत माफी मागितली आणि त्याच दिवशी जे विधेयक मांडलं त्यात मुलांचे कपडे उतरवून झडती बंद करून कमी त्रासाच्या पद्धती आणायचं कलम होतं. स्कॅनरचा आग्रह धरणाऱ्यांना इथे जोर मिळाला.

पण मशीन म्हणजे जादूची कांडी नाही हो. एक्स-रेऐवजी मिलिमीटर वेव्ह म्हणजे रेडिओसारख्या लहरी वापरणारं मशीन कपड्यांच्या आरपार बघतं पण कातडीला थांबतं, गिळलेली किंवा शरीरात लपवलेली वस्तू त्याला दिसत नाही. घाम, कपड्यांच्या चुण्या, जाड वेणी यांनाही ते फसतं, जर्मनीने हॅम्बुर्गला ट्रायल घेऊन २०११ मध्ये याच खोट्या अलार्मला कंटाळून तेव्हा नाद सोडला होता. आतलं दिसणारं हवं तर एक्स-रे, त्याचा डोस अगदी कमी असतो खरा, पण पंधरा वर्षांच्या पोराला प्रत्येक भेटीनंतर आणि प्रत्येक कोर्टाच्या तारखेनंतर त्यात उभं करायचं का? आणि पिवळा चौकोन आला की पुढे काय, शेवटी कोणीतरी हात लावून तपासणारच.

त्या विधेयकात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. युथ जस्टिस रेसिडेन्समध्ये, म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणात अडकलेल्या पोरांना ठेवतात त्या संस्थांत, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायचा अधिकार. २०२३ मध्ये तिथल्या ओरांगा तामारिकी या बालखात्याच्या संस्थांतल्या काही कर्मचाऱ्यांवरच गंभीर आरोप झाले आणि माजी पोलीस कमिशनर माइक बुश यांना बोलावून आढावा घ्यावा लागला. एपुनीच्या काळापासून झडती म्हटलं की ती पोरांचीच, आता ड्युटीवर येणाऱ्या मोठ्यांनाही तपासता येईल असं कागदावर तरी आलंय.