म्हैस माज दाखवत नाही: मुका माज की बंद पडलेला माज?

म्हैस व्याली, चार-पाच महिने लोटले, तरी माजाचं नाव नाही. मग पूर्णेच्या खोऱ्यातल्या गोठ्यांपासून वर्धा-नागपूरच्या गावांपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: "म्हस माजावरच येऊन नाही राहिली." या तक्रारीत दोन वेगळ्या अवस्था मिसळलेल्या असतात. मुक्या माजात अंडाशयाचं चक्र चालू असतं, फक्त बाहेर लक्षण दिसत नाही. दुसरीत ते चक्रच थांबलेलं असतं. एकीला लागू पडणारं इंजेक्शन दुसरीला दिलं तर पैसेही जातात आणि दिवसही, म्हणून हा फरक पशुपालकाला कळायलाच हवा.

आधी चालू चक्र पाहू. मेंदूतून झटक्याझटक्यानं जीएनआरएच हे संप्रेरक (हार्मोन) सुटतं आणि त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी एफएसएच व एलएच ही आणखी दोन संप्रेरकं सोडते. एफएसएचमुळे बीज वाढवणाऱ्या अनेक पुटिका एकदम वाढू लागतात. त्यातली एक पुढे जाते, इस्ट्रोजेन आणि इनहिबिन ही संप्रेरकं सोडून एफएसएच खाली आणते आणि बाकीच्या सुकतात. आता तिची वाढ एलएचच्या झटक्यांवर अवलंबून असते. अंडाशयावर आधीचा पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी गाठ) असेल, तर त्यातून सुटणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक एलएचचे झटके मंद ठेवतं. ती पुटिकाही विरते आणि नवी लाट सुरू होते. गर्भ राहिला नसेल तर साधारण १६-१७ व्या दिवशी गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन हे रसायन सोडतं. पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं, एलएचचे झटके वाढतात. पुटिका भरपूर इस्ट्रोजेन देते, त्या इस्ट्रोजेननं एलएच एकदम उसळतं आणि बीज सुटतं. हे सुमारे २१ दिवसांनी पुन्हा घडतं.

मुक्या माजात हे सगळं होतं. मात्र माजाचं वागणं दिसायला इस्ट्रोजेनआधी काही दिवस मेंदूला प्रोजेस्टेरॉन मिळालेलं असावं लागतं. व्याल्यानंतरच्या पहिल्या बीजाआधी पीतपिंडच नसतो, म्हणून तो माज बहुतेक वेळा मुकाच जातो. त्यात म्हैस मुळातच गायीसारखी दुसरीवर फारशी चढत नाही, लक्षणं बऱ्याचदा रात्री दाखवते आणि वैशाखाच्या उन्हात ती आणखी फिकी पडतात. माझ्या मते यातले बरेच माज मुके नसून न पाहिलेले असतात. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी गोठ्यात चक्कर मारली, तर काचेसारखी बळस (योनीतून येणारा चिकट स्राव), वारंवार लघवी, कमी झालेलं दूध यातलं काहीतरी सापडतं.

बंद माजात पुटिका वाढतात, पण एलएचचे झटके कमी पडल्यानं पिकतच नाहीत. बीज नाही, म्हणून पीतपिंड नाही आणि प्रोजेस्टेरॉनही सतत खालीच. नुसत्या कुटारावर (वाळलेल्या भुशावर) काढलेला उन्हाळा, दूध देताना खंगलेलं अंग, सतत पिणारं पारडू या सगळ्यांनी जीएनआरएच मंदावतं. लांब दिवसही म्हशीला मानवत नाहीत. दिवस लहान होऊ लागले की तिचा माज सुधारतो.

निवाडा पशुवैद्यकाच्या हाताच्या तपासणीत होतो, तोही शक्यतो १०-११ दिवसांच्या अंतरानं दोनदा. पीतपिंड लागला तर मुका माज. दोन्ही वेळा अंडाशय गुळगुळीत तर चक्र बंद. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन पीतपिंड विरघळवून काम करतं, म्हणून ते मुक्या माजातच उपयोगी. तीन-चार दिवसांत म्हैस माजावर येते. पीतपिंडच नसेल तर ते विरघळवणार काय? आणि म्हैस गाभण असेल तर याच इंजेक्शननं गर्भ पडू शकतो, त्यामुळे गाभण नसल्याची खात्री झाल्याशिवाय कोणी कितीही आग्रह केला तरी ते टोचू देऊ नका.

बंद माजात डॉक्टर प्रोजेस्टेरॉनचं साधन काही दिवस योनिमार्गात ठेवतात. ते काढलं की प्रोजेस्टेरॉन उतरतं, पीतपिंड विरल्यावर उतरतं तसंच, आणि थांबलेलं चक्र हलतं. पण बरगड्या दिसणाऱ्या म्हशीवर तेही फारसं चालत नाही; तिला आधी काही आठवडे सरकी ढेप, हिरवा चारा, खनिज मिश्रण आणि जंताचं औषध लागतं.