आबांचे दगड: दख्खनच्या स्फटिकव्यापाराची पार्श्वभूमी

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भूभाग एकाच काळ्या दगडावर उभा आहे. किल्ले त्याचे, लेणी त्याची, नदीच्या घाटाच्या पायऱ्या आणि स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटाही त्याचाच. तरी दगडाचा धंदा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डबर, खडी आणि क्रशर एवढंच येतं. माझ्या आजोबांचा धंदा याच दगडाचा होता, पण खडीचा नव्हता. खाणीत सुरुंग उडाल्यावर काळ्या पाषाणाच्या पोटात एखादी स्फटिकांनी भरलेली पोकळी उघडते. तिथला माल आबा विकत घेत, साफ करत आणि संग्राहकांना, कॉलेजांना, पुढे परदेशी व्यापाऱ्यांना विकत. जोडीला थोडे जीवाश्मही असत. आबा गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी विचारलं, पुण्यातल्या पेठेत वाढलेल्या माणसाला हा उद्योग सुचला कसा? आबांची हौस हे त्याचं अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं या जमिनीत आणि तिच्यावर झालेल्या कामांत आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर जमिनीतल्या भेगांतून लाव्हा वाहू लागला. एकावर एक थर साचत गेले आणि थिजून हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, झाला. पश्चिम घाटाच्या बाजूला त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते आणि आज उरलेला विस्तारही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. काही मोहरीएवढे, तर काहींत माणूस वाकून शिरू शकेल एवढे. पुढे खूप काळ खडकातून गरम पाणी झिरपत राहिलं. त्याने दगडातलीच द्रव्यं विरघळवली आणि या पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकांच्या रूपात पुन्हा मांडली. पीच रंगाचा, गव्हाच्या पेंढीसारखा बांधलेला स्टिल्बाइट, काचेसारखा स्वच्छ ॲपोफिलाइट, सुयांच्या जुडग्यांचा स्कोलेसाइट, पांढऱ्या लवीच्या गोळ्याचा ओकेनाइट. यांतल्या बऱ्याच खनिजांचं कूळ झिओलाइट. स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये या कुळाला नाव दिलं, कारण तापवल्यावर या दगडातून पाणी सुटून तो उकळल्यासारखा फसफसतो. आबा हे प्रात्यक्षिक प्रत्येक शाळकरी पाहुण्याला करून दाखवत, आणि त्यासाठी नेहमी तुटका तुकडाच निवडत.

आमच्या घरातला दगडांचा व्यवहार मात्र झिओलाइटपासून सुरू झाला नाही. आबांच्या वडिलांचं पूजासाहित्याचं छोटं दुकान होतं, आणि पंचायतनपूजेचे पाषाण हा त्या दुकानाचा मानाचा माल. विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, शंकरासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोण नदीचा तांबडा शोणभद्र, देवीसाठी सुवर्णमुखीचा पाषाण आणि सूर्यासाठी स्फटिक. नीट पाहिलं तर जुन्या मराठी घराच्या देव्हाऱ्यात उपखंडातल्या वेगवेगळ्या नद्यांचा शास्त्रशुद्ध संग्रह असतो. कोणता दगड कुठला, हे तिथे ठरलेलं असतं. नर्मदेचा नसेल तर तो बाण नव्हे. मला वाटतं, आबांच्या पुढच्या आयुष्यातला सगळ्यांत पक्का नियम तिथून आला: दगडाबरोबर त्याचं ठिकाण चाललं पाहिजे.

जीवाश्मांची ओळखही त्याच दुकानातली. शाळिग्राम म्हणजे ॲमोनाइट, समुद्रात राहणाऱ्या, वेटोळ्या शंखाच्या प्राण्याचा अवशेष. भारतीय भूखंड आणि आशिया यांच्या मध्ये टेथिस समुद्र होता. जुरासिक काळात त्याच्या तळाच्या चिखलात गाडले गेलेले हे शंख हिमालय वर उचलला गेला तेव्हा त्याच्याबरोबर चढले, आणि आता नेपाळातल्या मुस्तांग भागातून काली गंडकीच्या पात्रात येतात. शाळिग्रामावरची चक्रं म्हणजे त्या शंखाच्याच वळ्या. हे आबांना एका भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितलं. ते दुकानात पूजेचा बाण घ्यायला आले होते. आबांची श्रद्धा त्याने तसूभरही कमी झाली नाही. ते रोज शाळिग्रामाला अभिषेक करत आणि त्याच हातांनी आम्हाला त्याच्या वळ्या मोजायला शिकवत.

आता पुण्याकडे येऊ. इथले स्फटिक परदेशी गेले ते आबांच्या कितीतरी आधी. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी केली, तेव्हा इथल्या खडकांबरोबर त्यातल्या झिओलाइटांचीही नोंद घेतली. १८३१ मध्ये हेन्री जेम्स ब्रूक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने इथून गेलेल्या एका खनिजाला ‘पूनालाइट’ असं नाव दिलं. पुढे ते वेगळं खनिज नसून मेसोलाइटच असल्याचं ठरलं आणि नाव मागे पडलं. खरी रीघ लागली ती रेल्वेमुळे. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडून लोहमार्ग चढवला गेला. हजारो मजुरांनी सुरुंग लावून डोंगर कापला, आणि त्यांत अनेक जण दगावले. कापलेल्या कड्यांतून निघालेले ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट इंग्लंडमधल्या संग्रहांत जाऊन बसले. ते ज्यांच्या पहारीखाली निघाले त्यांची नावं दगडांसोबतच्या कुठल्याच चिठ्ठीवर नाहीत. गावाचंही नाव बहुधा नाही. ‘पूना, इंडिया’ एवढंच. पुढची शंभर वर्षं हाच रिवाज राहिला. नाशिकचा माल असो, जळगावचा असो की मुंबईच्या उपनगरातला, परदेशी कपाटात सगळ्याचं पुणं व्हायचं. आबांना याचा मनापासून त्रास होई. त्यांच्या आवाजात राग क्वचितच येत असे, पण अशी चिठ्ठी पाहिली की हमखास यायचा.

आबांनी धंदा हातात घेतला तो काळ मुंबई-पुण्याच्या वाढीचा. इमारतींना, रस्त्यांना, धावपट्ट्यांना खडी लागत होती आणि शहरांच्या कडेला खाणीवर खाणी उघडत होत्या. मालाड-कांदिवलीच्या खाणींतून प्रेह्नाइट निघे, नाशिकला पांडवलेण्यांच्या परिसरातून मेसोलाइट आणि पॉवेलाइट, जळगावकडून स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइट. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या पाषाण टेकडीवरच्या खाणीत गर्द हिरवा ॲपोफिलाइट सापडला आणि जगभरच्या संग्राहकांची नजर इकडे वळली. तो हिरवा रंग व्हॅनेडियम या धातूमुळे येतो, हे १९७४ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन इथे १९५५ मध्ये एका शाळेत सुरू झालेलं खनिजप्रदर्शन तोवर जगाची बाजारपेठ होऊ लागलं होतं. तिथल्या टेबलांवर दख्खनचे दगड दिसू लागले, आणि इथे आबांसारख्यांना पहिल्यांदा कळलं की या मालाला गिऱ्हाईक आहे.

खाणीचं गणित वेगळं असतं. तिथे पैसे ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापावर, मोजले जातात. दिवसाला किती ब्रास दगड क्रशरला गेला, यावर ठेकेदाराचा नफा आणि मजुराची मजुरी. अशा ठिकाणी स्फटिकांची पोकळी लागणं म्हणजे कामाची खोटी. सुरुंग आणि डंपर यांच्यामधला थोडासा वेळ, तेवढंच त्या स्फटिकाचं आयुष्य. कुणी थांबला नाही तर कोट्यवधी वर्षांचा स्फटिक संध्याकाळपर्यंत खडी होऊन कुठल्यातरी स्लॅबमध्ये जातो. थांबणारा माणूस बहुतेक वेळा वडार समाजातला असे. पिढ्यान्‌पिढ्या दगडावर हात बसलेला, घणाच्या आवाजावरून आत पोकळ आहे की भरीव हे ओळखणारा. कुठे सुतकी (दगडफोडीचा हातोडा) मारली की पाठचा काळा दगड सुटेल आणि पुढची स्फटिकांची झालर शाबूत राहील, हे ज्ञान त्याच्याकडे होतं, कुठल्याही पुस्तकात नव्हतं. आबा हे गिऱ्हाइकांना आवर्जून सांगत. मुकादमाला त्याचा वाटा देत, पण थांबलेल्या माणसाचे पैसे त्याच्याच हातात, वेगळे. आणि मग वही काढत. खाणीचं नाव, गाव, जमिनीपासूनची खोली, थराचा रंग, सोबत निघालेली इतर खनिजं, तारीख, आणि शेवटी ज्याच्या हाताला पीस लागला त्याचं नाव.

घरी माल आला की तो आजीच्या ताब्यात जाई. या दगडांना ॲसिड चालत नाही. बरेच झिओलाइट हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळून गिळगिळीत होतात, कॅल्साइट तर फेसाळून नाहीसाच होतो. घाईने असा साफ केलेला, तेज गेलेला माल बाजारात भरपूर यायचा. आजी पाणी, मऊ ब्रश आणि बाभळीचा काटा एवढ्यावर काम करी. ओकेनाइटच्या लवीला तर ती पाणीही लावू देत नसे, कारण एकदा बोट लागलं की ते केस चिकटतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. मग कापूस, रद्दी, भाताचा तूस आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे. व्यवसाय आबांच्या नावावर होता, पण मालाची कीर्ती आजीच्या हाताची होती, आणि आबा हे मोठ्याने कबूल करत.

पुण्याजवळच्या वाघोलीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. कॅव्हनसाइट हे निळंशार खनिज आणि त्याचं जुळं भावंड पेंटागोनाइट ही दोन्ही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातून १९७३ मध्ये शास्त्राला ज्ञात झाली. तिथे मिळाले ते बारीक, विरळ स्फटिक. नंतर पुण्याच्या आसपास कॅव्हनसाइट आढळला, आणि १९८८ च्या सुमारास वाघोलीच्या खाणीत तो असा निघाला की जगात तोड नाही. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळ्या, काटेरी फुलांचे गोळे. रंग पुन्हा व्हॅनेडियमचाच. आज जगातल्या कोणत्याही मोठ्या संग्रहालयात चांगला कॅव्हनसाइट दिसला तर तो वाघोलीचा, असं जवळपास डोळे मिटून म्हणता येतं. खाणकामगार त्याला नुसतं ‘निळा’ म्हणत. निळा लागला की निरोप यायचा आणि आबा जेवण अर्धं टाकून निघायचे. मोठी झाल्यावर मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले. खाणीच्या तळाशी उकिडवे बसून ते भिंगातून पाहत, आणि पहिला प्रश्न किमतीचा कधीच नसे. ‘कुठल्या अंगाला लागला, दाखव,’ हा असे.

जीवाश्मांच्या बाबतीत मात्र त्यांनी हात आखडताच ठेवला. विदर्भाला जीवाश्मांचा मोठा इतिहास आहे. १८५० च्या दशकात नागपूरला स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातून शंख-शिंपले, बिया, फळं गोळा केली आणि त्यांवर लिहिलं. ज्वालामुखी काही काळ शांत असताना तिथे तळी होती, झाडी होती, हे त्यातून कळलं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं आणि त्यांची दगड झालेली विष्ठाही सापडते. गुजरातेत बालासिनोरजवळ १९८० च्या दशकात अंड्यांची घरटी उजेडात आली, तेव्हा आबांकडे विचारणा करणारे आले. आबांनी हाडं आणि अंडी कधीच विकली नाहीत. स्फटिक खाणीतून वाचवला नाही तर त्याची खडी होते, म्हणून तो उचलणं योग्य. घरट्यातलं अंडं उचललं तर घरटंच वाचता येत नाही. हा फरक त्यांनी स्वतःशी ठरवला होता. भूवारसा स्थळं आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने विधेयकाचा मसुदा काढला तो २०२२ मध्ये. आबांना तो वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी काही ओळी पुन्हा वाचायला लावल्या.

मधल्या काळात चित्र बदललं. सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभारलेलं गारगोटी संग्रहालय झालं आणि महाराष्ट्राचे उत्तम स्फटिक महाराष्ट्रातच पाहायची सोय झाली. याचा आबांना झालेला आनंद मी पाहिला आहे. तिथे ते एकेका कपाटापुढे इतका वेळ उभे राहिले की आम्ही बाकीचे थकून बाहेर बसलो. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याला २००१ च्या सुमारास विहीर खणताना हिरव्या ॲपोफिलाइटचे अप्रतिम गोळे निघाले, आणि शेतकऱ्याची विहीर पाण्याआधी जगभर गाजली. दुसरीकडे शहरं पसरत गेली. मालाड-कांदिवलीच्या जुन्या खाणी इमारतींखाली गेल्या, पाषाणला वस्ती चढली, वाघोलीत गृहसंकुलं उभी राहिली. ज्या खड्ड्यांतून जगातले सर्वोत्तम नमुने निघाले, त्यांतले कितीतरी आता शोधूनही सापडत नाहीत.

म्हणून आबांच्या वह्यांचं मोल आम्हाला त्यांच्या मागे शिल्लक राहिलेल्या मालाहून मोठं वाटतं. बाबांनी आणि मी त्या वाचायला घेतल्या आहेत. घरात उरलेल्या दगडांच्या चिठ्ठ्या वहीशी जुळवायच्या, खाणीची जागा जुन्या नकाशावर लावायची, आणि ज्यांनी आबांकडून पीस घेतले त्यांना पूर्ण नोंद कळवायची, म्हणजे ‘पूना’ची जागा खऱ्या गावाला मिळेल आणि काढणाऱ्याचं नावही सोबत जाईल. पेन्सिलीने लिहिलेली काही पानं पुसट झाली आहेत, तिथे आजीची आठवण कामाला येते. पाषाणची पानं झाली, की वाघोलीची सुरू करणार आहोत. त्या पानांतली नावं ओळखणारी माणसं अजून वाघोलीत आहेत, आणि खाणीचं कोणतं तोंड कुठल्या इमारतीखाली आलं हे ती जागेवर उभं राहून दाखवणार आहेत.