आयव्ही शैली

आयव्ही शैली : अमेरिकेच्या ईशान्य भागातील जुन्या विद्यापीठांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळलेली पुरुषी पोशाखाची रीत. खांद्यांत भरणी नसलेला सैल कोट, कॉलरची टोके बटणांनी अडकवलेला ऑक्सफर्ड कापडाचा शर्ट, तिरप्या पट्ट्यांचा टाय, खाकी सुती पँट आणि बिननाडीचे लोफर हा तिचा ठरलेला संच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांच्या ज्या क्रीडासंघटनेवरून हे नाव पडले, ती आयव्ही लीग रीतसर स्थापन झाली १९५४ मध्ये. पोशाख तोवर चांगला तीनेक दशके जुना झाला होता. तो ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागाच्या खानदानी घराण्यांनी घडवला, असे सर्रास मानतात. पण एकेक कपडा सुटा करून पाहिला, की या समजात फारसा दम उरत नाही.

कोटापासूनच सुरुवात करू. न्यूयॉर्कमध्ये १८१८ साली सुरू झालेल्या ब्रुक्स ब्रदर्स या दुकानाने १८४९ पासून तयार सूट विकायला घेतले. एकोणिसावे शतक सरता सरता त्याने जो ‘सॅक’ कोट रूढ केला, त्याला पुढच्या बाजूस डार्ट, म्हणजे आकार देण्यासाठी शिवलेल्या चुण्या, नव्हते. तो छातीवरून सरळ खाली उतरे, कमरेला आवळत नसे. असा कोट बेताच्या फेरफाराने कितीतरी निरनिराळ्या देहांवर बसतो. ज्या ढिलेपणाला पुढे खानदानी बेफिकिरी म्हणून नावाजले गेले, तो तयार कपड्यांच्या धंद्याला सोयीचाही होता.

बटणांची कॉलर मूळची इंग्लंडची. पोलो खेळताना वाऱ्याने टोके तोंडावर उडू नयेत म्हणून तिथले खेळाडू ती अडकवून ठेवत. हे जॉन ब्रुक्स यांनी पाहिले आणि १८९६ मध्ये तसा शर्ट दुकानात आणला, असे खुद्द दुकान सांगते. (दुकानांच्या अशा जन्मकथा जाहिरातीचाच भाग असतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.) टायवरचे पट्टे इंग्रजी पलटणींचे आणि क्लबांचे, अमेरिकेत फक्त त्यांचा तिरपा रोख उलटा केला गेला, म्हणजे ज्या पलटणीत आपण कधी नव्हतो तिची खूण मिरवल्याचा ठपका नको. ब्लेझर केंब्रिजच्या नौकानयन मंडळांकडून आला. फेअर आयलचा नक्षीदार स्वेटर शेटलंड बेटांच्या परिसरातला. प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या आठव्या एडवर्डने, तो १९२२ मध्ये गोल्फच्या मैदानावर घातल्यावर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर त्याची चलती झाली.

मग विद्यार्थ्यांनी स्वतः काय केले? मैदानावरचे आणि सुट्टीतले कपडे त्यांनी वर्गात आणले. प्रिन्स्टनच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी १९१२ च्या सुमारास चांगल्या कपड्यांवर बिअर सांडू नये म्हणून पांढऱ्या जाड कापडाचे कामगारी कोट वापरायला सुरुवात केली, आणि त्याचाच पुढे वर्गाचा मानाचा पोशाख झाला. या शैलीत नवे म्हणावे असे काही असेल, तर ही बेधडक सरमिसळ.

कापडाचा धागा मात्र भारतापर्यंत येतो. येल महाविद्यालयाला ज्याचे नाव आहे तो एलिहू येल ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होता. गुलामांच्या व्यापाराशीही त्याचा संबंध होता. त्याने कनेटिकटमधल्या एका धडपडत्या विद्यालयाला मालाचे ९ गठ्ठे, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याचे चित्र पाठवले. तो माल विकून सुमारे ५६० पौंड उभे राहिले आणि १७१८ मध्ये विद्यालयाने त्याचे नाव घेतले. अडीचशे वर्षांनी त्याच विद्यापीठाची मुले उन्हाळ्यात मद्रास चौकडीचे शर्ट आणि कोट घालत होती. चौकडी तीच, जी दक्षिणेत लुंगीवर दिसते. माल हातमागाचा, रंग बहुतेक वनस्पतींचे, आणि ते धुण्यात जायचे. रंग जाणे म्हणजे आपल्याकडे दुकानदाराशी भांडायचे कारण. अमेरिकेत हाच दोष ‘रंग जाण्याची हमी’ अशी जाहिरात करून विकला गेला. १९५८ च्या सुमाराच्या या प्रकरणात कापड पुरवणारे होते कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर, ज्यांनी पुढे मुंबईत सहार विमानतळाजवळ लीला हॉटेल उभारले. रंग गेल्याने चिडलेल्या गिऱ्हाइकांची हकिगत नायर स्वतः रंगवून सांगत. तिचा किती भाग खरा आणि किती मीठमसाला, हे वाचकाने ठरवावे.

खाकीचाही उगम इथलाच. पेशावरला १८४६ मध्ये उभारलेल्या गाइड्स पलटणीने धुळीत मिसळणारा हा रंग अंगावर घेतला, तो ब्रिटिश फौजेतून अमेरिकन लष्करात गेला. १९४४ च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता येऊ लागले, तेव्हा ते लष्करी खाकी पँटी घालूनच वर्गात आले. खानदानी घराण्यांशी त्यांतल्या बहुतेकांचे काही नाते नव्हते. लोफर नॉर्वेतल्या आउरलांड गावच्या जोड्यांवरून घेतला. मेन राज्यातल्या जी. एच. बास कंपनीने १९३६ मध्ये तो बाजारात आणला.

हे सगळे शिवून विकणारे हात बहुतांशी स्थलांतरित ज्यूंचे होते. लॅटव्हियाहून आलेल्या जेकोबी प्रेस यांनी १९०२ मध्ये न्यू हेवनला येलच्या दारात जे. प्रेस हे दुकान थाटले. त्याच शहरात १९४९ मध्ये गँट ही शर्टांची कंपनी निघाली, तिचे संस्थापक बर्नार्ड गँटमाखर युक्रेनमधून आलेले. त्या काळात येल आणि हार्वर्ड ज्यू विद्यार्थ्यांचे प्रवेश जाणूनबुजून रोखत होते. पुढे कृष्णवर्णीयांनीही ही शैली आपलीशी केली. जाझवादक माइल्स डेव्हिस १९५० च्या दशकात हार्वर्डजवळच्या अँडोव्हर शॉपमधून कपडे घेत, आणि नागरी हक्क चळवळीतल्या अनेक कार्यकर्त्यांनी असेच कोट घालून मोर्चे काढले.

१९६७ नंतर विद्यापीठांतली हवाच बदलली आणि जीन्सपुढे हा पोशाख मागे पडला. तोवर जपानने तो उचलला होता. व्हॅन जॅकेट या कपड्यांच्या कंपनीचे केन्सुके इशिझू यांनी तो तिथल्या तरुणांत रुजवला. टोकियोच्या गिंझा भागात असे कपडे घालून रेंगाळणाऱ्या पोरांना १९६४ च्या ऑलिंपिकआधी पोलिसांनी उचलले. पुढल्याच वर्षी छायाचित्रकार तेरुयोशी हायाशिदा यांनी अमेरिकन विद्यापीठांत फिरून तिथल्या मुलांचे कपडे टिपले. अमेरिकेतले आजचे शौकीन बारकाव्यांसाठी याच जपानी छायाचित्रांकडे वळतात, आणि जे. प्रेस १९८६ पासून जपानच्या ओनवर्ड काशियामा कंपनीच्या मालकीचे आहे.