अळवावरचं पाणी आणि जहाजाखालची हवा

वडीसाठी आणलेलं अळूचं पान न चोळता बादलीत बुडवा आणि तिरकं धरून बघा. हिरवं पान चांदीचा वर्ख लावल्यासारखं चकाकतं. तो वर्ख म्हणजे पानाला धरून राहिलेला हवेचा पापुद्रा. नळीतून वाहताना किंवा जहाज पुढे सरकताना पाणी घर्षणाने जी अडवणूक करतं, तो पाण्याचा रोध. तो कमी करण्याचा सगळा खटाटोप त्या पापुद्र्यासाठीच आहे.

‘अळवावरचं पाणी’ आपण केव्हापासून म्हणतोय, पण त्यामागचं गणित १९४४ साली मांडलं गेलं, तेही लोकरीच्या निमित्ताने. इंग्लंडच्या लोकर-उद्योगासाठी संशोधन करणाऱ्या कॅसी आणि बॅक्स्टर यांनी दाखवलं की खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागावर थेंब थोडा धाग्यांवर आणि बराचसा मधल्या हवेवर टेकलेला असतो. पुढे जर्मनीत बॉनच्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानं तपासली. १९९७ साली त्यांनी आणि नाइनहुइस यांनी कमळाच्या पानावरचे बारीक उंचवटे आणि त्यांवरचं मेणाचं कोंदण जगापुढे आणलं. अळूही त्यांच्या यादीत होतं. त्यांना कुतूहल होतं ते पान स्वच्छ कसं राहतं याचं. रोधाचा विषय नंतरचा.

एरवी नळीच्या भिंतीलगतचा किंवा जहाजाच्या तळालगतचा पाण्याचा थर हलतच नाही, असं धरून चालतात. फ्रेंच अभियंते नाविए यांनी १८२३ मध्येच घसरणीची, म्हणजे हा थर भिंतीवरून सरकण्याची, शक्यता समीकरणात ठेवली होती, पण ती इतकी नगण्य की कोणी फारशी विचारात घेत नसे. मध्ये हवा आली की चित्र पालटतं, कारण हवेचा चिकटपणा पाण्याच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाएवढा. २००४ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रॉथस्टीन आणि सहकाऱ्यांनी पाणी झटकणाऱ्या खडबडीत पृष्ठभागाच्या, केसासारख्या अरुंद नळ्यांत दाबातली घट, म्हणजे पाणी पुढे ढकलण्यात खर्च होणारा दाब, ४० टक्क्यांपर्यंत कमी झालेली मोजली.

नळीतलं यश समुद्रात टिकवणं अवघड. खोलीवरचा दाब हवा चेपतो, खळबळ ती ओढून नेते, उरलेली पाण्यात विरघळते. इथे उपयोगी पडली साल्व्हिनिया, म्हणजे केरळच्या कालव्यांत माजलेली उपरी पाणवनस्पती. तिच्या पानावरची लव अंडं फेटायच्या फेटणीसारखी. सगळी पाणी झटकणारी, फक्त टोकं पाणी धरणारी. ती टोकं पाण्याला खिळवतात आणि खालची हवा कोंडलेली राहते, हे २०१० मध्ये उलगडलं. पण २०१७ साली आणखी एक विघ्न दिसलं: साबणासारख्या द्रव्यांचा नुसता अंश असला तरी हवेवरचा पाण्याचा पृष्ठभाग ताठरतो. हवा जागेवर असते, घसरण मात्र होत नाही.

व्यापारी जहाजं एवढं थांबली नाहीत. काहींनी सरळ तळाखाली यंत्राने बुडबुडे सोडायला सुरुवात केली. हवा निसटते, मागून नवी येते. त्या यंत्राला लागणारी वीज बचतीतून वजा करायची, इतकंच.