छतावरच्या सोलरचा अर्ज: आधी वीजबिलावरचं नाव बघा

छतावर सोलर बसवायला केंद्र सरकारचं अनुदान देणाऱ्या पीएम सूर्य घर योजनेचा अर्ज भरण्याआधी शेवटचं वीजबिल हातात घ्या आणि ग्राहकाचं नाव वाचा. आपल्याकडे कितीतरी घरांचं बिल अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर येतं. भरणा वेळेवर होत असतो, त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. अर्ज मात्र बिलावरच्या नावाने होतो आणि अनुदानही त्याच नावाच्या बँक खात्यात जमा होतं. म्हणून आधी नावबदलाचा अर्ज द्या. त्याला मृत्यूचा दाखला, बाकी वारसांचं संमतीपत्र आणि घराच्या मालकीचा पुरावा लागतो. याला वेळ जातो, पण ही पायरी गाळून पुढे गेलेलं काम शेवटी अनुदानाशी येऊन अडतं. थकबाकी असेल तर तीही आधीच भरून टाका.

पात्रतेच्या अटी साध्या आहेत: भारतीय नागरिकत्व, पॅनेल बसतील असं छत असलेलं स्वतःचं घर, घरगुती वीजजोडणी आणि सोलरसाठी पूर्वी अनुदान घेतलेलं नसणं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गच्ची सामाईक असते, त्यामुळे तिथे सोसायटीने अर्ज करणं सोयीचं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोसायटीला प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या कुटुंबांसाठी राज्य सरकारची ‘स्मार्ट’ नावाची जादा मदत आहे. त्यात बसत असाल तर महावितरणच्या उपविभाग कार्यालयात आधी चौकशी करा.

घरमालकाला केंद्राकडून मिळणारं अनुदान असं: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठा संच बसवला तरी तेवढेच.

किती किलोवॅटचा संच घ्यायचा, हे मात्र अनुदान बघून ठरवू नका. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि सरासरी युनिट काढा. आपल्या हवेत एक किलोवॅटमधून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात, महिन्याला १०० ते १२०. उन्हाळ्यात जास्त, आषाढ-श्रावणात बरेच कमी. महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तर एक-दोन किलोवॅट, ३०० पर्यंत असेल तर दोन-तीन किलोवॅट पुरतात. किलोवॅटमागे सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा हवी. पॅनेलची तोंडं दक्षिणेला असतात, त्यामुळे त्याच बाजूची पाण्याची टाकी किंवा नारळ त्रास देतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो आणि सावली लांबते, हे धरूनच जागा पक्की करा. पॅनेल एका ओळीत जोडलेले असतात, म्हणून एकावर पडलेली सावली अख्ख्या ओळीची वीज कमी करू शकते.

पॅनेलमध्ये तयार होणारी वीज डीसी असते, ती घरातल्या उपकरणांना थेट चालत नाही. इन्व्हर्टर तिचं घरात वापरता येणारं एसी करतो. ही वीज आधी घरात वापरली जाते आणि उरलेली मीटरमधून बाहेर जाते. रात्री नेहमीसारखी महावितरणची वीज येते. लाइट गेली की बॅटरी नसलेला संचही बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. तो बिघाड नाही. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी केलेली ती सोय आहे. संच बसवणाऱ्या एजन्सीने हे आधीच सांगायला हवं, पण बऱ्याचदा सांगत नाहीत.

अर्ज पीएम सूर्य घरच्या राष्ट्रीय पोर्टलवर होतो आणि नोंदणी मोफत आहे. राज्य, वीज कंपनी आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक भरायचा. मुंबईत असाल तर बिल बेस्टचं, अदानीचं, टाटाचं की महावितरणचं हे बघून कंपनी निवडा. ताजं वीजबिल, आधार, मोबाइल क्रमांक, बँक पासबुक किंवा कॅन्सल्ड चेक, आणि घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ जवळ ठेवा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही. एजन्सीवाला फॉर्म भरून देणार असेल तरी मोबाइल क्रमांक तुमचाच द्या. ओटीपी तुमच्या हातात राहिला पाहिजे.

व्हेंडर, म्हणजे संच बसवणारी एजन्सी, पोर्टलच्या यादीतलाच निवडा, निदान दोघा-तिघांकडून लेखी दर घ्या आणि करारात पाच वर्षांची देखभाल आहे ना ते वाचा. अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीचे लागतात. त्यातले सेलही भारतातच बनलेले असावे लागतात. ढाच्यावर चढवण्याआधी प्रत्येक पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवा, इन्व्हर्टरचाही. एकदा पॅनेल बसले की त्या स्टिकरपर्यंत पोहोचणं अवघड जातं. अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक बसवल्याचंही स्वतः बघा. यात पैसे वाचवू देऊ नका.

पैशाची अडचण असेल तर तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी सरकारी बँका दोन लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देतात. अनुदान नंतर येतं, त्यामुळे आधी पूर्ण रकमेची तजवीज लागते. ‘अनुदान आम्हीच मिळवून देतो, खात्याचं आमच्यावर सोडा’ असं म्हणणाऱ्याला नको म्हणा.

संच बसला की व्हेंडर पोर्टलवर तपशील टाकतो, वीज कंपनी घरात आलेली आणि बाहेर गेलेली वीज मोजणारा नेट मीटर लावते आणि संच सुरू झाल्याचा अहवाल चढतो. मग पोर्टलवर बँक तपशील भरून अनुदानाची मागणी करायची. पैसे साधारण महिनाभरात खात्यात जमा होतात. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, तेव्हा नावबदलाचं काम रेंगाळू देऊ नका.

पहिलं बिल आलं की त्यातले इम्पोर्ट (घरात आलेले युनिट) आणि एक्सपोर्ट (बाहेर गेलेले युनिट) हे आकडे शोधा. २४० युनिट आले आणि १८० गेले असतील तर आकारणी ६० युनिटची होते. उलट झालं, म्हणजे जास्त गेले, तर उरलेले युनिट पुढच्या महिन्यात धरले जातात आणि आर्थिक वर्षअखेर हिशेब होतो. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, म्हणून बिल अगदी शून्य येत नाही. लख्ख उन्हाच्या महिन्यातही एक्सपोर्ट शून्य दिसत असेल, तर मीटरचा आणि इन्व्हर्टरच्या अॅपमधल्या निर्मितीचा फोटो जोडून उपविभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.